गेस्ट पासवर सासू-सासऱ्यांना आणायचं आहे, भाड्याखाली एवढे चार्ज कसले?

पुणे_ते_एडिसन
नवऱ्याचा मित्र अमेरिकेतल्या एका विमान कंपनीत आहे. त्याच्या वाट्याचे दोन गेस्ट पास (कर्मचाऱ्यांना पाहुण्यांसाठी मिळणारी सवलतीची तिकिटं) तो माझ्या सासू-सासऱ्यांना देतोय, मुंबई–न्यूअर्क आणि परत. जागा उरली तरच बसायला मिळणार, हे माहीत आहे. पण पोर्टलवर भाड्याखाली सात-आठ चार्ज दिसतात. हे कंपनी लावते का? त्यातलं काही कमी होतं का? आणि नंतर आणखी काही निघतं का?

लोडशीट
त्यातले बहुतेक सरकारी असतात. सवलत भाड्यावर मिळते, करांवर नाही, म्हणून स्वस्त पासावर करच मोठे दिसतात. प्रत्येक ओळीपुढचा दोन अक्षरी कोड बघा.

'यूएस' हा अमेरिकेचा आंतरराष्ट्रीय प्रवासकर, २०२५ साठी २२.९० डॉलर, येताना एकदा आणि जाताना एकदा. 'वायसी', 'एक्सवाय' आणि 'एक्सए' म्हणजे कस्टम्स, इमिग्रेशन आणि शेतीमाल तपासणी. हे तिन्ही अमेरिकेत उतरताना लागतात, मिळून १८ डॉलरच्या आसपास. 'एवाय' ही सुरक्षा फी, ५.६० डॉलर, अमेरिकेतून निघताना. म्हणजे अमेरिकेचेच माणशी सुमारे ७० डॉलर झाले. भारताच्या बाजूला 'आयएन' म्हणजे विमानतळाची वापर फी (यूडीएफ), 'पी२' म्हणजे सुरक्षा फी, आणि तिकीट भारतातून सुरू होत असेल तर 'के३' म्हणजे जीएसटी, इकॉनॉमीला ५ टक्के. यातला एक पैसाही मित्राला कमी करता येणार नाही.

कंपनीचे असतात ते 'वायक्यू' किंवा 'वायआर'. हा इंधन अधिभार आहे, आणि काही कंपन्या तो पासावरही लावतात. पोर्टलवर बुकिंगची वेगळी सर्व्हिस फी दिसली तर तीही कंपनीचीच. हे दोन्ही कंपनीगणिक बदलतं, म्हणून मित्राला तेवढंच नेमकं विचारा.

शक्य असेल तर जाण्याचा आणि येण्याचा पास वेगळा काढायला सांगा. एका बाजूला शेवटी पक्कं तिकीट घ्यावं लागलं, तर न वापरलेल्या पासाचा परतावा मागणं सोपं जातं. परतावा मित्राच्याच कार्डावर येतो, तेव्हा हिशेब आधीच बोलून ठेवा. आणि पासासाठी मित्राला भाडं-करांपेक्षा एक डॉलरही जास्त देऊ नका. पास विकला असा अर्थ निघाला तर त्याच्या सवलती जातात, नोकरीही जाऊ शकते.

डब्ल्यू२_वाचणारा
वरच्या हिशेबात मित्राचा खर्च आलेला नाही, आणि तोच बहुतेकांना माहीत नसतो. अमेरिकेच्या करकायद्यात कर्मचारी, त्याचा जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि त्याचे स्वतःचे आई-वडील यांचा स्टँडबाय, म्हणजे जागा उरली तरच होणारा, प्रवास करमुक्त आहे. तुमचे सासू-सासरे म्हणजे त्याच्या मित्राचे आई-वडील, ते त्यात बसत नाहीत. सख्खा भाऊसुद्धा बसत नाही.

बाकी पाहुण्यांच्या प्रवासाची किंमत त्या विमानाच्या सगळ्यात महाग, बिनशर्त इकॉनॉमी भाड्याच्या २५ टक्के धरता येते. त्यातून भरलेलं भाडं वजा करून उरलेली रक्कम कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात आणि ती वर्षअखेरीच्या डब्ल्यू-२ वर (पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या पत्रकावर) येते. समजा ते महाग भाडं एका बाजूचं २,४०० डॉलर आहे. त्याचे २५ टक्के ६००. पासाचं भाडं ३०० भरलं, तर उरले ३००. मित्र आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर ६६ डॉलर, वर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के म्हणजे साधारण २३. एका माणसामागे, एका बाजूला जवळजवळ ९० डॉलर त्याच्या पगारातून जातात, राज्याचा कर वेगळा. दोन माणसं, दोन्ही बाजू म्हटलं तर साडेतीनशेच्या वर. तो भिडेखातर बोलणार नाही. त्याच्या कंपनीच्या नियमात ही रक्कम भरून देणं चालतं का, हे त्यालाच आधी तपासायला सांगा. चालत नसेल तर निदान त्याला माहीत असू द्या की तुम्हाला याची जाणीव आहे.

पुणे_ते_एडिसन
हे खरंच ठाऊक नव्हतं, आजच बोलते. थेट विमानात जागा नसेल तर लंडनमार्गे पाठवता येईल का? दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे.

गेट_बंद
ताई, लंडन टाळा. अमेरिकेच्या व्हिसावर ब्रिटनमधून बिनव्हिसाचं ट्रान्झिट मिळू शकतं, पण पुढच्या विमानाचं पक्कं बुकिंग लागतं आणि स्टँडबाय हे पक्कं बुकिंग नव्हे. शिवाय दोन टप्पे दोन वेगळ्या तिकिटांवर असले तर लंडनहून निघताना ब्रिटनचा प्रवासी कर बसतो. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात भारत किंवा अमेरिकेच्या अंतराला तो इकॉनॉमीत ९० पौंड, बिझनेसला २१६ होता. सासू-सासरे तिथे रात्री अडकले तर हॉटेलचा खर्च तुमचाच. युरोपात विमानाला उशीर झाला म्हणून मिळणारी नुकसानभरपाईसुद्धा अशा सवलतीच्या तिकिटाला लागू नाही.

थेट विमानाचंच बघा. मित्राला 'लोड' विचारताना दोन आकडे मागा: विक्रीला उरलेल्या जागा आणि स्टँडबायवर नोंदलेली माणसं. २० जागा आणि १२ माणसं असली तरी निश्चिंत होऊ नका. गेस्ट पास यादीच्या तळाशी असतो. कर्मचारी, त्यांचं कुटुंब, निवृत्त मंडळी, सगळे त्याच्या वर. अगदी शेवटच्या दिवशी नोंदलेला कर्मचारीही तुमच्या आधी बसतो. मुंबई–न्यूअर्क हे पंधरा-सोळा तासांचं उड्डाण आहे, इंधन प्रचंड लागतं. उन्हाळ्यात वजनाची मर्यादा आली की जागा रिकाम्या ठेवूनच विमान निघतं. असं झालं तर काउंटरवर भांडू नका, त्याची तक्रार मित्राच्या नावावर जाते.

मुंबईत बोर्डिंग पास बहुधा चेक-इन बंद होण्याच्या सुमारास, म्हणजे उड्डाणाआधी तासभर हातात पडतो. मग इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि गेट, सगळं पळत. सत्तरीच्या माणसांना हे जड जातं. व्हीलचेअर पास नोंदवतानाच मागा. चेक-इन बॅग नकोच, औषधं आणि एक रात्रीचे कपडे हातातल्या बॅगेत. इमिग्रेशनचा शिक्का बसल्यावर जागा गेली तर शिक्का रद्द करून बाहेर यायला कंपनीचा माणूस सोबत लागतो, तो येईपर्यंत तिथेच थांबावं लागतं.

मे-जून आणि डिसेंबरचा उत्तरार्ध सोडून द्या. फेब्रुवारी किंवा सप्टेंबरमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी प्रयत्न करा. आणि दोघांच्या पक्क्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवूनच त्यांना घरातून निघायला सांगा. तेवढे पैसे नसतील तर पास घेऊ नका.