मदत हवी आहे: थव्यातला हा एक चिखल्या लेसर सँड प्लोव्हर की ग्रेटर?

नमस्कार मंडळी,

गेले तीन रविवार एकाच पक्ष्यापाशी अडकले आहे. थव्यातले बाकीचे ओळखता आले, हा एक काही केल्या सुटत नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं ही विनंती.

ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर साठेक चिखल्यांचा थवा बसतो. बहुतेक सगळे लेसर सँड प्लोव्हर आहेत, एवढी खात्री आहे. राखट तपकिरी पाठ, पांढरं पोट, छातीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी डाग. जानेवारी असल्यामुळे विणीच्या दिवसांतला विटकरी छातीपट्टा आणि काळा मुखवटा कुणालाच नाही, सगळे एका रंगाचे. दोन-तीन केंटिश प्लोव्हर मिसळलेले आहेत, पण त्यांची अडचण येत नाही. अंगाने लहान, आणि मानेमागून जाणारी पांढरी पट्टी स्पष्ट दिसते. सँड प्लोव्हरची मान मागून तपकिरीच असते.

या साठांत एक पक्षी उंच वाटतो. पहिल्यांदा नजर गेली ती पायांवर. शेजारच्यांपेक्षा लांब, आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वरचा उघडा भागही जास्त. डोकं थोराड. एकदा तो माझ्यापासून वीसेक पावलांवर आला. चार पावलं धावला, थबकला, मान किंचित तिरकी केली आणि वाळूतून अळीसारखा एक किडा ओढायला लागला. किडा रबरासारखा ताणला गेला. आता तुटणार असं वाटेपर्यंत पक्ष्याने ओढ सैल केली, क्षणभर थांबला आणि पुन्हा हळूच खेचून अख्खा बाहेर काढला. तेवढ्या वेळात चोच नीट पाहता आली. काळी, दणकट, मधल्या भागापुढे फुगीर आणि मग टोकाकडे निमुळती होत गेलेली.

मग हा ग्रेटर सँड प्लोव्हर म्हणावा, तर तीन गोष्टी आड येतात.

चोचीची लांबी आणि चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर यांची तुलना करतात, हे वाचलं होतं. चोच त्या अंतराएवढी किंवा कमी असेल तर लेसर, ठळकपणे जास्त असेल तर ग्रेटर. मी पडद्यावर पट्टी लावून चार फोटो मोजले. दोनांत चोच लांब भरली, एकात जवळपास सारखी, चौथ्यात चक्क आखूड. पक्षी एकच, खात्रीने एकच, कारण त्याच्या डाव्या पंखातलं एक पीस वाकडं आहे.

दुसरं पायांच्या रंगाचं. ग्रेटरचे पाय पिवळट किंवा हिरवट राखी आणि लेसरचे गडद राखी असतात म्हणतात. माझ्या फोटोंत पिवळसर दिसतात, पण ते सूर्य मावळताना काढलेले आहेत. त्या उजेडात वाळूही पिवळी आणि लेसरचे पायही पिवळे.

आणि आकार. लेसर १८ ते २१ सेंमी, ग्रेटर २२ ते २५ सेंमी. हा पक्षी शेजाऱ्यांपेक्षा मोठा आहे, पण थंड वाऱ्यात पिसं फुगवून बसलेला एखादा लेसरही असाच गुबगुबीत वाटतो.

ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, नोंद करायची आहे. चुकीचं नाव टाकण्यापेक्षा दोन्ही जातींचं जोडनाव टाकलेलं बरं, हे पटतं. पण नीट पाहूनही जोडनावावर सोडून द्यावं लागलं तर मनाला लागेल. पुढच्या खेपेला नेमकं काय बघू?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

ताई, पहिली गोष्ट म्हणजे तुमची मापं चुकलेली नाहीत, पक्ष्याचं डोकं वळलेलं आहे. डोळा डोक्याच्या बाजूला असतो, चोच मधोमध. पक्ष्याने तुमच्याकडे जरा तोंड वळवलं की जवळचा डोळा फोटोत मागे सरकतो, ते अंतर वाढतं आणि चोच आखूड भरते. तोंड पलीकडे वळवलं की उलट होतं, लेसरचीसुद्धा चोच लांब दिसायला लागते. म्हणून सरासरी काढू नका. अगदी बाजूने घेतलेला फोटोच मोजायचा. कपाळाची पलीकडची बाजू किंवा पलीकडच्या भुवईची कड दिसत असेल तर तो फोटो बाद. चौथ्या फोटोत ती मला स्पष्ट दिसते आहे.

पायांच्या रंगाबद्दल तुमचा संशय रास्त आहे. वर चिखल वाळलेला असतो, त्यानेही फसायला होतं. सकाळी, पाय धुतलेले असताना बघा, आणि त्याच फ्रेममध्ये एखादा लेसर घ्या म्हणजे उजेड दोघांना सारखा.

चोचीच्या टोकाचं तुमचं वर्णन मात्र मला फार बोलकं वाटलं. लेसरची चोच आखूड आणि बोथट संपते. ग्रेटरमध्ये फुगवटा लांबवर पसरलेला असतो आणि टोक अणकुचीदार. तरी एक सावधगिरी: ग्रेटरची पश्चिमेकडची जी उपजात आहे, कोलंबिनस, तिची चोच मुळात आखूड असते. त्यामुळे एकट्या चोचीवर निकाल देऊ नये.

राहिलं उडताना बघणं. ग्रेटरची पावलं शेपटीच्या टोकाबाहेर चांगली डोकावतात, लेसरची जेमतेम. पंखांवरची पांढरी पट्टीही ग्रेटरमध्ये बाहेरच्या भागात रुंद होते. त्यासाठी थव्याला उठवू मात्र नका, हात जोडून सांगतो. याच दिवसांत साठवलेल्या चरबीवर त्यांना मध्य आशियापर्यंत परत जायचं आहे. भरती चढायच्या तासभर आधी जाऊन एका जागी बसा. पाणी वाढेल तसा थवा आपणच तुमच्याकडे सरकेल आणि जागा बदलताना आपणच उडेल.

आणि लेसर लिहिताना लक्षात असू द्या, २०२३ मध्ये ईबर्डने त्या जातीचे सायबेरियन आणि तिबेटन असे दोन भाग केले आहेत.

धागाकर्तीकडून ताजी भर:

दादा, मनापासून आभार. आज पहाटेच जाऊन बसले. सांगितलंत तसंच झालं, पाऊण तासात थवा पंधरा पावलांवर आला. वाकड्या पिसाचा पक्षी एका लेसरच्या शेजारी अगदी आडवा उभा राहिला. ढगाळ उजेड, दोघांचे पाय नुकतेच लाटेने धुतलेले. शेजाऱ्याचे गडद राखी, याचे फिकट, हिरवट झाक असलेले. पलीकडची भुवई न दिसणारे तीन फोटो मिळाले आणि तिन्हींत चोच त्या अंतरापेक्षा स्पष्ट लांब भरते. लाट आली तेव्हा सगळे उडाले. एका फोटोत शेपटीमागे याची बोटं पूर्ण बाहेर आहेत, शेजाऱ्याची दिसतही नाहीत.

ग्रेटर म्हणून नोंद केली, तिन्ही फोटो आणि उडतानाचा एक जोडून.

पण आता त्याच उडत्या फोटोत डाव्या कडेला आणखी एक पक्षी सापडला आहे. पावलं बाहेर आहेत, पण याच्याइतकी नाहीत. पंखाची पट्टी सावलीत गेली आहे. मूळ फोटो न कापता खाली देते, कुणी बघून सांगाल का?