जीपच्या हूडचा उडालेला रंग परत येते का?

दारव्हा_५४०
राम राम मंडळी. घरी बाबांनी घेतलेली महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. हूड, म्हणजे वरचं छप्पर, कॅनव्हासचा, हिरवा. म्हणजे होता हिरवा, आता चुलीतल्या राखेसारखा दिसते. परवा बांधायचा पट्टा सोडला तर त्याच्याखाली चार बोटं रुंद पट्टी अजून गर्द हिरवी! तवापासून डोक्यात तेच. सारे म्हणतात नवा हूड शिव. बाबा म्हणतात कापड धड आहे, काहून फेकायचं? मृगाच्या आधी काम उरकायचं आहे. घरून सल्ला आला की साड्या रंगवायची पुडी मिळते, ती लाव. चालते का जी?

संत्राबाग
पुडीचं माहीत नाही, पण ऑइल पेंट मारू नका. मी मारला. दोन दिवस गाडी पोळ्याच्या बैलासारखी सजली. मग हूड दुमडला, अन् घडीघडीवर पापुद्रे निघाले. पोट्टे अजून हसतात.

हूडवाला_वर्धा
बावीस वर्षं झाली कुशन-हूडचं काम करून. भाऊ, आधी कापड पाहा, रंग मग. कमानीचा पाइप जिथं घासते तिथं कापड चिमटीत धरून ओढा. धागे तटतट तुटले तर रंगाचे पैसे वाया. शिलाईही पाहा. आपल्याकडच्या उन्हात कापडाच्या आधी सुती दोरा कुजते, तो पॉलिस्टरच्या दोऱ्यानं पुन्हा मारून घ्या.

पुडीचा रंग कपडा उकळून द्यायचा असते. हूड कोणत्या गंजात उकळणार? नुसता फासला तर पहिल्या पावसात तुमच्या सदऱ्यावर उतरते. हूडसाठी वेगळा रंग येते. विलायतेत उघड्या टपाच्या गाड्यांसाठी रेनोव्होचा रिव्हायवर वापरतात, त्या जातीचा मागवा. तो कापडात मुरते, वर थर धरत नाही. रेक्झिनचा हूड असता तर हा चालला नसता.

आता धुणं. खरी मेहनत इथं आहे, अन् लोक इथंच चुकतात. मऊ ब्रश, सौम्य साबण, कोमट पाणी. ब्लीच नाही, सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा पाइप नाही. चिमण्यांची घाण भिजवून काढा, खरवडू नका. मग फेस यायचा पूर्ण बंद होईपर्यंत पाणी मारा. साबण राहिला तर पुढं पाणी अडवायचं औषध धरत नाही. दोन दिवस ताणूनच वाळू द्या, ओला दुमडला की बुरशी आलीच.

रंग सकाळी सावलीत लावा. नवतप्याच्या कडक उन्हात दुपारी लावाल तर ब्रश फिरायच्या आत वाळते अन् पट्टे पडतात. मागची प्लास्टिकची काच अन् टिचबटनं चिकटपट्टीनं झाका. पातळ दोन हात, पहिला लांबीत, दुसरा आडवा. आधी आतल्या कोपऱ्यात लावून पाहा. शेवटी पाणी अडवायचं औषध मारा, रंग काही पाणी अडवत नाही.

संत्राबाग
माझ्या पेंटवर हा रंग बसंल का?

हूडवाला_वर्धा
नाही. तुम्ही नवा शिवा.

दारव्हा_५४०
झालं काम! दोरा दोन ठिकाणी गेला होता, गावातल्या मशीनवर ताडपत्री शिवणाऱ्याकडून मारून घेतला. धुण्यात अख्खा दिवस गेला, पाणी चहासारखं निघत होतं. चिकटपट्टी एका टिचबटनाला विसरलो, ते हिरवं झालं. काल बादलीभर पाणी ओतलं तर थेंब टपटप घरंगळले. बाबा खाटेवरून उठून आले, पट्टा उचलून पाहिला अन् म्हणाले, “आता ही पट्टीच फिकी दिसून राहिली.”