'एन्झाइम वाढलेत' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (राजारामपुरी): आप्पांचा रिपोर्ट आलाय, एसजीपीटी जास्त आहे. लॅबवाले म्हणाले, "लिव्हरचे एन्झाइम वाढलेत." शाळेत एन्झाइमला 'विकर' शिकलो, पचनाला मदत करणारं. मग वाढलं तर बिघडलं कुठं? की हे विकरच यकृत खातंय?

उत्तर: ताई, 'वाढलेत' हे रक्तापुरतं खरं आहे. एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, एरवी यकृताच्या पेशीत अमिनो आम्लांच्या उलाढालीचं काम करतं. पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. त्यामुळे 'रक्तात आलेत' म्हटलेलं नेमकं. एसजीओटी हे रिपोर्टातलं दुसरं एन्झाइम तर स्नायूंतही असतं. तालमीत नुकताच दणकून मेहनत करून आलेल्या पोराचं यकृत धडधाकट असलं तरी ते जास्त दिसू शकतं.

आणखी एक उत्तर: 'विकरच खातंय' ही शंका मात्र सोडून देऊ नका. ते काम एसजीपीटीचं नव्हे, कॅस्पेज नावाच्या विकरांचं. ती प्रत्येक पेशीत निष्क्रिय पडून असतात. इशारा मिळाला की एक दुसऱ्याला जागं करतं आणि पेशीतली प्रथिनं ठराविक जागी कापली जातात. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, आजूबाजूच्या पेशी ते गिळून टाकतात. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये याला 'अ‍ॅपॉप्टोसिस' नाव दिलं. केर यांनी असा मृत्यू आधी उंदरांच्या यकृतातच पाहिला होता. यात आवरण बराच वेळ शाबूत राहतं, म्हणून गळती कमी.

पॅरासिटामॉल भरमसाट घेतलं की वेगळंच घडतं. यकृतातलं सायटोक्रोम पी-४५० हे विकर त्यातल्या काही भागाचं विष करतं. ते निकामी करणारं ग्लुटाथायोन संपलं की पेशी फुटतात आणि एएलटी हजारांत जातं. एन-असिटिलसिस्टीन हे औषध वेळेत दिलं तर ग्लुटाथायोन पुन्हा तयार होतं. यालाही 'पेशी मेल्या' आणि त्यालाही 'पेशी मेल्या' म्हणणं मला पटत नाही. कॅस्पेजवाल्या मृत्यूला 'नियोजित पेशीमृत्यू' म्हणावं, पॅरासिटामॉलवाल्याला 'पेशीनाश'.

प्रश्न (राजारामपुरी): मग पुढच्या रिपोर्टात आकडा उतरला, की आप्पा बरे झाले म्हणायचं ना?

उत्तर: बहुतेक वेळा हो. पण यकृत झपाट्याने निकामी होत असेल, तर झिरपायला पेशीच उरल्या नाहीत म्हणूनही आकडा उतरतो. तेव्हा शेजारी बिलिरुबिन (कावीळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) बघा. एएलटी खाली आणि ते दोन्ही वर जात असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.