दहावीला ९४ टक्के आणि अकरावीला इतिहास?

लातूरची_आई
लेकीला ९४ टक्के पडले. ती म्हणायली, आर्ट्सला जाते, इतिहास घेते. घरात दोन दिवस सुतक पडल्यासारखं झालंय. लातुरात राहून डॉक्टरकीची नीट परीक्षा सोडायची म्हटल्यावर शेजारीण विचारायली, "पोरगी बरी हाय ना?" मी लेकीच्या बाजूनं आहे. माझं चुकतंय का?

गल्ली_नंबर_सात
चुकतंय ताई. राग मानू नका. आमच्या चुलतभावानं बारावीला इतिहास घेतला, महिनाभर गाईड पाठ केलं, ऐंशीच्या पेपरात पासष्ट आणले. वरचे वीस तर कॉलेजच्याच हातात. सहा महिन्यांनी त्याला एक सन आठवत नव्हता. घोकायचंच तर बायॉलॉजी घोकावं, पोरगी निदान डॉक्टर तरी होईल.

निवृत्त_मास्तर
घोकलेली बायॉलॉजी तरी कुठं टिकते?
मी बरीच वर्षं पेपर तपासले. हैदराबाद मुक्तीवर प्रश्न आला की पोरं लिहितात, १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. बरोबर आहे. पण 'सकारण स्पष्ट करा' म्हटलं की पेन थांबतो. भारत अन् निजाम यांच्यातला जैसे थे करार २९ नोव्हेंबर १९४७ चा, एका वर्षासाठी. मग मुदत संपायच्या आत फौजा का गेल्या? इथं निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार येतात, हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा येतो, निजामानं सुरक्षा परिषदेकडं नेलेली तक्रार येते. एवढं जोडता आलं की उत्तर फुगवावं लागत नाही.

गल्ली_नंबर_सात
सर, तपासणारा मुद्दे मोजतो. जोडलेलं कोण बघतं?

निवृत्त_मास्तर
मोजतो, खोटं कशाला बोलू. मुद्दे सुटेच लिहावेत, फक्त ओळीनं लावताना आधी कारण, मग परिणाम. नकाशाला मात्र सुटका नाही, तो हातानं वीसदा काढावाच लागतो.

लातूरची_आई
नकाशावरून आठवलं. आजेसासूबाई सांगायच्या, रझाकाराच्या धास्तीनं कणग्या तशाच टाकून बार्शीला पळालो. लेकीनं विचारलं, बार्शीच का? कुणालाच सांगता येईना. तिनं जुना नकाशा शोधला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाकडं, अन् बार्शी मुंबई प्रांतात. हद्द ओलांडली की सुटलो. ती हद्द आता आमच्या भिंतीवर लाल स्केचपेननं काढलेली आहे. (रंग गेला भिंतीचा, असो.)

तेरणाकाठ
ताई, एका रविवारी तिला तेरच्या वस्तुसंग्रहालयात घेऊन जा. हस्तिदंती बाहुली बघू द्या. तेर म्हणजेच जुनं तगर, पैठणसारखंच रोमशी व्यापाराचं गाव. सातवाहनांचा धडा मग पाठ करावा लागत नाही.

गल्ली_नंबर_सात
बाहुली बघून पोट भरतं का? स्पर्धा परीक्षेला इतिहास लागतो हे मान्य. पण तिथं जागा किती अन् बसणारे किती? नुसत्या आवडीवर पाच-सात वर्षं घरी बसवायची तयारी आहे का, ते आधी बोला.

लातूरची_आई
दादा, हा प्रश्न मात्र खरा आहे. काल ह्यांच्याशी बोलले. बीए करता करता बीएडची वाट उघडी ठेवायची, असं तिघांत ठरलंय. अकरावीच्या फॉर्मवर आर्ट्स टाकलं. आता एक सांगा, लातुरात बारावीच्या इतिहासाची शिकवणी कोण घेतं? सकाळपासून फिरायले, गल्लोगल्ली नीटच्याच पाट्या.

निवृत्त_मास्तर
मी घेतो. फी नको. लाल रेघेचा तो नकाशा तेवढा घेऊन यायला सांगा.