पंप बदलण्याआधी एवढं तपासा

दादा, तुमची बंद पडलेली सीएनजी गाडी पेट्रोलवर सेल्फ मारते पण पकडत नाही, आणि मेकॅनिक थेट पेट्रोल टाकीतला पंप (इंजिनाला पेट्रोल पोचवणारा) बदला म्हणतोय. घाई करू नका.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घूंऽ असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज, मग पंपाच्या रिलेच्या (पंपाला वीज देणाऱ्या स्विचच्या) जागी त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा. तरी शांतच? पंपाच्या सॉकेटवर मीटर लावून कुणाला तरी चावी ऑन करायला सांगा. १२ व्होल्ट येतात, अर्थिंग ठीक आहे आणि पंप फिरत नाही, तरच तो गेला. सीएनजीवाले पेट्रोलची टाकी कोरडी ठेवतात, तिथेच पंप मरतो. त्याला गार ठेवणारं पेट्रोलच असतं.

पंप वाजत असेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बहुतेक गाड्यांत तो थोडा उचलतो. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) आणि त्याचं सॉकेट तपासा. त्याच्या सिग्नलशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्कही देत नाही, इंजेक्टरही उघडत नाही. इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर गाडी सुरू न होऊ देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावा.