अंटार्क्टिकातून 2020 मध्ये लवकर परत येता आलं असतं का?

धाकटी_सातारा: माझा दादा भारताच्या 39व्या अंटार्क्टिका मोहिमेत तिथल्या आपल्या मैत्री स्टेशनवर विंटर टीममध्ये, म्हणजे हिवाळाभर तिथेच राहणाऱ्यांत होता. ऑगस्ट 2020 मध्ये बाबा कोविडने गेले, दादाला फोनवर सांगितलं तर तो नुसता ऐकत राहिला. तो घरी आला एप्रिल 2021 मध्ये. आत्या अजून म्हणते, मनात असतं तर आला असता, सरकार विमान पाठवतंच की. दादा यावर एक शब्द बोलत नाही, वहिनीने विचारलं तरी उठून जातो. मला आत्याशी भांडायचं नाहीये पण खरं काय ते कळू दे, मार्चमध्येच निघतो म्हटला असता तर जमलं असतं का?

जनरेटरवाला: ताई, मी तिथे एक विंटर काढलाय म्हणून सांगतो. ऑगस्टमध्ये नाही, अजिबात नाही. मैत्रीजवळ रशियन लोकांची नोव्हो धावपट्टी आहे, तिथून केपटाऊनची विमानं फक्त उन्हाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. समुद्र शंभरेक किमी लांब आणि तोही गोठलेला, जहाज येणार कुठून. मार्चचं म्हणाल तर 11 मार्चला महामारी जाहीर झाली तेव्हा सीझन संपत आलेला, 22 मार्चपासून भारतात परदेशी विमानं बंद, 27 ला दक्षिण आफ्रिकेत लॉकडाऊन, म्हणजे कसाबसा केपटाऊनला पोचला असता तरी तिथेच अडकला असता. आणि हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसं, एक काम एकाच्याच हातात, मेकॅनिक गेला आणि जनरेटर बंद पडला तर बाकीचे गारठून मरतील हो. मनात असण्या-नसण्याचा प्रश्नच नाही.

रानवारा: हिवाळ्यात विमान कधीच जात नाही असं मात्र नाही. जून 2016 ला साऊथ पोल स्टेशनवरून दोन आजारी माणसांना छोट्या ट्विन ऑटर विमानाने काढलं होतं, भर अंधारात. पण ते पेशंट स्वतः स्टेशनवर होते. घरी कुणी आजारी आहे म्हणून कुठलाच देश असा जीव धोक्यात घालत नाही. डिसेंबर 2021 मध्ये बेल्जियमच्या स्टेशनवर 25 पैकी 16 जणांना कोविड झाला, जानेवारीच्या विमानाने जायचं का विचारलं तर सगळे थांबले. तो उन्हाळा होता म्हणून विचारता तरी आलं.

जनरेटरवाला: बरोबर. आणि दादा एप्रिलमध्ये का आला तेही सांगा आत्यांना. नेहमी माणसं केपटाऊनमार्गे जातात, त्या वर्षी जहाज जानेवारी 2021 मध्ये थेट गोव्यातून निघालं, नवी टीम सोडून जुन्यांना घेऊन यायला एप्रिल उजाडला.

माई_पुणे: बाळा, माझे यजमान पुण्यातच वारले, घरापासून तीन किमीवर. मला आत सोडलं नाही, चेहरा दिसला नाही. दादाला सांग, जवळ असणाऱ्यांनाही नाही जमलं गं.

धाकटी_सातारा: सगळ्यांचे खूप आभार. बाबांना अग्नी नगरपालिकेच्या माणसांनीच दिला, आम्ही साताऱ्यात असून कुणी नव्हतो, आत्यासुद्धा नाही. काल रात्री दादाला हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, फोन ठेवला आणि जनरेटर रूममध्ये गेलो, माझी ड्यूटी होती. एवढंच बोलला पण पहिल्यांदाच बोलला. आज आत्याकडे दोघं जातोय.