मदत हवी आहे: घरी इंटरनेट मागायचं कुठल्या कलमाखाली?

वाडीकर: सरळ प्रश्न. खेड्यापाड्यात फोन-इंटरनेट पोचवायची हमी सरकारने दिलीय ना? मग अर्ज कुठल्या कलमाखाली करू? "तुमचं गाव जोडलेलं आहे," एवढंच ऐकून दोनदा परत आलोय. मुलीच्या फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते. भाषण नको, कलम सांगा.

रानपाखरू: जोडलेलं म्हणजे फायबर की टॉवर? घरात रेंज किती?

वाडीकर: रेंज असती तर धागा कशाला काढला असता? तालुक्याला आलोय म्हणून लिहितोय. पंचायतीत फायबरची पेटी आहे, कपाटावर, जुन्या मतदार याद्यांच्या गठ्ठ्याशेजारी. लाल दिवा लुकलुकतो.

जुना लाइनमन: त्या दिव्याखाली एलओएस लिहिलंय का? असेल तर पेटीपर्यंत प्रकाशच येत नाहीये. पेटी बदलून काही होणार नाही, केबल तुटलीय. रस्त्याचं काम झालं का एवढ्यात? आमच्या वेळी जेसीबी गेला की दुसऱ्या दिवशी अर्धी एक्स्चेंज मुकी.

गॅजेटगुरू: राउटर ड्युअल बँडच घ्या.

कलमबहाद्दर: घरात जोडणी द्याच, असं म्हणता येईल असं कलम आपल्याकडे नाही. १९९९ च्या दूरसंचार धोरणातून सार्वत्रिक सेवा निधी, म्हणजे खेड्यापाड्यात सेवा पोचवायचा पैसा, आला, २००२ पासून सुरू झाला, २०२३ च्या कायद्यात त्याचा डिजिटल भारत निधी झाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले (ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नातले) ५ टक्के त्यासाठी घेतले जातात. म्हणजे हमी आहे ती पैसे उभे करण्याची, तुमच्या उंबऱ्यापर्यंतच्या वायरीची नाही. ब्रिटनमध्ये २०२० पासून १० एमबीपीएस वेगाचं इंटरनेट मागायचा हक्क आहे, तोही खर्चाच्या मर्यादेत.

सत्यशोधक_२: चूक! केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट हा हक्क मानलाय.

कलमबहाद्दर: ते वसतिगृहातल्या मोबाईलबंदीचं प्रकरण. अडवू नका म्हणणं वेगळं, आणून द्या म्हणणं वेगळं.

सत्यशोधक_२: हक्क तो हक्क. शब्दांचा कीस काढू नका.

आजोबा७२: अवांतर: आमच्या लहानपणी गावात एकच फोन, पोस्टात. ट्रंक कॉल लावून दिवसभर बसायचो. काही अडलं नाही.

वाडीकर: आजोबा, तेव्हा फॉर्म ऑनलाइन नव्हते.

रानपाखरू: पंचायत तुमच्या घरापासून किती लांब?

वाडीकर: साडेतीन किलोमीटर, मध्ये ओढा. गट ग्रामपंचायत आहे, आमचं तिसरं गाव.

रानपाखरू: अहो, हे आधी सांगायचं! २०११ ची फायबर न्यायची मूळ सरकारी योजना, आताचं भारतनेट, पंचायतीपर्यंतच होती. पेटी तिथे लागली की कागदावर तिन्ही गावं जोडलेली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात पंचायतीबाहेरच्या गावांनाही मागणीनुसार जोडणी आहे. तुमचं महसुली गाव आहे की नुसती वाडी?

वाडीकर: सातबाऱ्यावर गावाचं नाव वेगळं आहे.

कलमबहाद्दर: मग महसुली. ग्रामसभेत आपल्या गावाच्या नावाने मागणीचा ठराव करून घ्या, नुसत्या पंचायतीच्या नावाने नको. ठरावाची प्रत जोडून सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन तक्रार पोर्टल) दूरसंचार विभागाकडे तक्रार टाका.

जुना लाइनमन: आणि तुटलेल्या केबलची तक्रार वेगळी. दोन्ही एकाच अर्जात घातलीत तर दोन्ही बोंबलतील.

वाडीकर: ठीक. फॉर्म इथल्या सायबर कॅफेतूनच भरतोय. मुलीचा फोटो ५० केबीच्या वर जातोय, कोणी सांगेल का कमी कसा करायचा?

गॅजेटगुरू: राउटर घेतला का?